उसनी झोप

झोप न येणं हा आजार नव्हे, व्यासंग आहे. रात्री दोन वाजता माणूस जेवढा विचार करतो, तेवढा दिवसा पगार घेऊनही करत नाही. मी हा व्यासंग गेल्या श्रावणात सुरू केला. जायफळ घातलेलं दूध झालं, तळपायाला काशाची वाटी झाली. मेंढ्या मोजाव्यात म्हणतात. पण मेंढ्यांशी आपला संबंध कधी आला? म्हणून मी सोसायटीतले थकबाकीदार मोजून पाहिले. त्यानं होती ती डुलकीही गेली.

शेवटी भाचा धावून आला. "मामा, हे कानांना लाव आणि डोळे मिट." हेडफोनमधून एक कंटाळवाणा घूंऽऽ ऐकू येत होता. म्हटलं, "बिघडलाय रे." "बिघडला नाही. डाव्या कानात सेकंदाला २०० कंपनांचा सूर आहे, उजव्यात २०३ चा. हवेत हे दोघे भेटतच नाहीत. भेटतात ते थेट तुझ्या डोक्यात. तिथं सेकंदाला तीन हेलकावे तयार होतात."

म्हणजे बाहेर कुठंच नसलेला आवाज मी ऐकत होतो! घरातल्यांना माझ्याबद्दल ही शंका पूर्वीपासून होतीच.

मग मी थोडं वाचलं. डोव्ह नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाला ही गंमत एकोणिसाव्या शतकातच सापडली होती. हान्स बर्गर यांनी १९२४ साली येना इथं माणसाच्या मेंदूतल्या विजेच्या लहरी पहिल्यांदा टिपल्या. निवांत डोळे मिटून बसलो की सेकंदाला आठ ते तेराच्या आसपास लहरी, त्यांना 'अल्फा' म्हणायचं. गाढ झोपेत चारच्याही खाली, त्या 'डेल्टा'. १९७३ साली जेराल्ड ऑस्टर यांनी या दोन कानांच्या हेलकाव्यांवर लेख लिहिला, आणि पुढे बाजारानं ठरवून टाकलं की बाहेरून तीनचा ठेका दिला की मेंदूही मुकाट्यानं तीनवर येतो. शास्त्रज्ञांचं मात्र एकमत नाही. काही प्रयोगांत माणसांची धास्ती थोडी कमी झाली. काहींत मेंदूच्या लहरी ढिम्म हलल्या नाहीत.

मला झोप लागली. ठेक्यानं लागली, भाच्यावरच्या विश्वासानं लागली की नुसत्या कंटाळ्यानं, देव जाणे. आठ दिवस मी घोरत होतो. नवव्या दिवशी चहा देताना बायको म्हणाली, "झोप लागायला लागली, म्हणजे दादांना फोन केलात वाटतं?"

चहा एकदम गार झाला.

त्याचं असं आहे. वडिलांचा मिरजेचा तंबोरा माझ्याकडे राहिला. राहिला म्हणजे गवसणीत, कपाटावर. आषाढात दादानं फोन केला, "नात गाणं शिकायला लागलीय. तंबोरा नेऊ का?" आणि पंचम व पंचमी यांतला फरक ज्याला धड सांगता येत नाही, तो मी म्हणालो, "सूर कळायला हवा दादा, नुसता भोपळा नेऊन काय करणार?" दादा म्हणाला, "बरं." ते 'बरं' रोज रात्री दोन वाजता येऊन उशाशी बसत असे. मी त्याला झोपेचा विकार समजत होतो.

आता प्रश्न असा, की झोप आणणं यात पाप ते काय? आजीनं थोपटून झोपवलं, पाळण्याच्या कुरकुरीनं झोपवलं, तोही ठेकाच होता. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री धास्तावलेल्या माणसाला कुठल्याही आवाजानं स्वस्थता मिळाली, तर त्या आवाजाला शंभर नमस्कार. त्याची काळजी त्याच्या हातात नाही. पण माझी जाग म्हणजे काळजी नव्हती, उधारीचं बिल होतं. वसुलीवाला दार ठोठावतोय आणि आपण रेडिओ मोठा करून पडलोय, याला मनःशांती म्हणायचं का? शांती तीच, झोपही तीच. फक्त ती आपली नव्हे, उसनी.

त्या रात्री हेडफोन न लावता पडलो आणि वडील आठवले. तंबोऱ्याच्या मधल्या दोन तारा, जोडीच्या, एका सुरात लावायच्या. जरा फरक राहिला की आवाज हेलकावतो. शाळेच्या पुस्तकात त्याला विस्पंद म्हणत. वडील कान लावून खुंटी, मग मणी, केसाकेसानं सरकवत. हेलकावे लांबत लांबत नाहीसे झाले की डोळे मिटत. म्हणजे ज्या हेलकाव्यावर मी आठ दिवस झोपलो, तो वडिलांच्या लेखी दोन तारा जुळत नसल्याची तक्रार होता! दोन तारांपैकी एकीनं हलावं लागतं. कुणी, हे ठरवायला मला पहाट झाली.

सात वाजता फोन केला. "दादा, चुकलो. तंबोरा मीच घेऊन येतो." पलीकडं क्षणभर शांतता. मग दादा म्हणाला, "बरं." शब्द तोच, पण हेलकावा नव्हता.

हेडफोन भाच्याला परत केला. त्याची परीक्षा जवळ आलीय, आणि त्यानं अजून कुणाला भोपळा वगैरे काही म्हटलेलं नाही. त्याला खुशाल चालेल.