शेऱ्याचा रकाना

नवरात्र संपतं, मोहटादेवीच्या गडावरची गर्दी ओसरते आणि पाथर्डी तालुक्यातल्या वाड्या-वस्त्या रिकाम्या व्हायला लागतात. ट्रॉलीत भांडी, गोधड्या, सरपण, एखादी शेळी चढते आणि टोळ्या ऊसतोडीला निघतात. कुणी पश्चिम महाराष्ट्रात, कुणी थेट कर्नाटकात. त्या दिवसांत आमच्या शाळेत एकच लगबग असते. कोणतं मूल आईवडलांबरोबर जाणार आणि कोणतं गावात राहणार, याची यादी करायची.

एका वर्षी ती यादी मी पहिल्यांदा एक्सेलमध्ये केली. रकाने जुन्या रजिस्टरातूनच घेतले: अनुक्रमांक, विद्यार्थ्याचं नाव, इयत्ता, पालक, फोन, जाण्याची तारीख, शेरा. माहिती भरायला दोन दिवस लागले. मथळ्यांचा विचार मात्र पाच मिनिटंही केला नव्हता.

डिसेंबरात एका दुपारी तिसरीतला एक मुलगा वर्गातच तापानं फणफणला. मी यादी उघडली, ‘पालक’ पाहिलं, फोन लावला. वडील दूर कुठल्याशा फडात मोळ्या वाहत होते. त्यांना धड ऐकू येईना, आणि ऐकू आलं तेव्हा बिचारे तिथं कासावीस होण्यापलीकडे काही करू शकत नव्हते. मुलाला सांभाळणारी आजी शाळेपासून चार घरांवर होती. माझ्याच यादीत, त्याच ओळीत, शेवटच्या रकान्यात मीच लिहिलं होतं: ‘आजीकडे राहतो’.

मूल बरं झालं. मी मात्र त्या संध्याकाळी शेऱ्याचा रकाना वरपासून खालपर्यंत वाचला. ‘आजीकडे’, ‘चुलत्याकडे’, ‘आजीकडे’, ‘मामाच्या गावी’, पुन्हा ‘आजीकडे’. शेऱ्यात एकच गोष्ट वारंवार यायला लागली, की ती शेरा उरत नाही. ती स्वतःचा रकाना मागत असते. मग ‘पालक’ हा एक शब्द मी फोडला. आई, वडील, गावात सांभाळणारे, त्यांचं मुलाशी नातं, त्यांचा फोन, असे पाच रकाने झाले. यादी रुंद झाली आणि पहिल्यांदा कामाची झाली.

एका रकान्यात एकाच प्रकारची गोष्ट असावी, हा नियम संगणकानं शिकवलेला नाही. आपल्या व्यापाऱ्यांनी कीर्द आणि खतावणी वेगळी ठेवली ती याच शहाणपणानं. रोजचा व्यवहार आधी तारखेवार कीर्दीत उतरायचा आणि मग ज्याच्या त्याच्या खात्यात जायचा. माझ्या यादीत ‘जाण्याची तारीख’ या एकाच मथळ्याखाली कुठं ‘15/10’ होतं, कुठं ‘दिवाळीनंतर’, तर कुठं ‘मुकादम आला की’. माणसाला तिन्ही कळतात. संगणकाला त्यांचा क्रम लावता येत नाही. तारीख तारखेच्या रकान्यात आणि कारण कारणाच्या रकान्यात गेलं, तेव्हा कुठं पुढच्या आठवड्यात कोणती मुलं जाणार हे एका नजरेत दिसलं.

पण रकाना म्हणजे नुसती सोय नाही. रकान्याचा मथळा हा आपण विचारलेला प्रश्न असतो, आणि जे विचारलं नाही ते कितीही ओळी भरल्या तरी सापडत नाही. ऊसतोडीच्या हिशेबात मोजमाप ‘कोयत्या’चं असतं. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा माणूस म्हणजे अर्धा. उचल, म्हणजे आगाऊ मिळणारी मजुरी, बहुतेक नवऱ्याच्या हातात पडते. ‘कोयते’ या मथळ्याखाली ‘1’ लिहिलं, की त्या आकड्याच्या पोटात एक अख्खी बाई मावून जाते. पहाटे चूल पेटवून, भाकरी बांधून, दिवसभर मोळ्या बांधणारी आणि डोक्यावरून वाहणारी ती बाई हिशेबात असते, पण दिसत नाही.

ती दिसत नाही म्हणून तिचं दुखणंही दिसत नाही. शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांबद्दल ओरड झाली, तेव्हा 2019 मध्ये राज्य सरकारनं आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सर्वेक्षण झालं, तेव्हा 82 हजारांवर बायकांपैकी 13 हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. त्या बायका आधीही होत्या, त्यांच्या वेदनाही होत्या. नव्हता तो त्यांना विचारलेला प्रश्न. म्हणून यादी करताना कोरा चौकोन आणि शून्य यांत गल्लत करू नये. शून्य म्हणजे विचारलं आणि काही नव्हतं. कोरा चौकोन म्हणजे आपण अजून विचारलेलंच नाही.

एक मथळा बदलला की काय होतं, हे आपण अलीकडेच पाहिलं. 1 मे 2024 पासून महाराष्ट्रात जन्मणाऱ्या मुलाच्या नावापुढे सरकारी कागदपत्रांवर आधी आईचं नाव येतं, मग वडलांचं, मग आडनाव. एका नव्या रकान्याएवढाच हा बदल. पण उसाच्या फडावर जन्मलेल्या लेकराच्या कागदावरही आता त्याची आई नावानिशी असेल.

संगणकाच्या पानावर दहा लाखांहून अधिक ओळी आणि सोळा हजारांहून अधिक रकाने मावतात. जागेची अडचण आता कुणालाच नाही. कमी पडते ती पहिली ओळ लिहिण्यापूर्वी घटकाभर थांबण्याची सवय. ही यादी कोण, कधी, कोणत्या अडचणीत उघडणार आहे? तेव्हा त्याला काय लागेल? ही माहिती सांगणाऱ्याला आपलं सगळं सांगायला इथं जागा आहे का? एवढं स्वतःला विचारून मथळे लिहावेत.

आणि तरीही शेवटचा रकाना शेऱ्यासाठी ठेवावा. आपली जुनी रजिस्टरं आखणाऱ्यांनी तो न चुकता ठेवला, यात मला मोठा विनय दिसतो. माझ्या प्रश्नांत तुझं सगळं आयुष्य बसणार नाही, उरलेलं इथं लिही, असं तो रकाना समोरच्या माणसाला सांगत असतो. आता दर महिन्याच्या अखेरीला यादी उघडली, की मी वाचायला सुरुवात तिथूनच करतो.