मुद्रा आणि मनुष्य

विशाखदत्ताच्या ‘मुद्राराक्षसा’त अमात्य राक्षसाची अंगठी चाणक्याच्या हेराला सापडते आणि तिच्या ठशाचे खोटे पत्र पुढे मलयकेतूच्या हाती पडते. राक्षस समक्ष उभा असतानाही मलयकेतू विश्वास ठेवतो तो ठशावर. मनुष्य हजर नसताना त्याच्या शब्दाला वजन यावे, म्हणून मुद्रा जन्माला आली. परंतु जी वस्तू माणसापासून वेगळी होऊ शकते, ती त्याच्यावर उलटूही शकते.

आंतरजालावर आज हीच मुद्रा ‘टोकन’ या नावाने वावरते. पासवर्ड एकदा पारखून झाला की संकेतस्थळ आपल्या यंत्राला एक सांकेतिक अक्षरमाला देते. पुढे प्रत्येक वेळी ती दाखविली की दार उघडते; ती दाखविणारा कोण, हे सहसा विचारले जात नाही. सप्टेंबर २०१८ मध्ये फेसबुकच्या बाबतीत काय घडले पाहा. आपले पान दुसऱ्याच्या नजरेला कसे दिसते, हे दाखविणारी एक सोय तेथे होती. तिच्यात तीन दोष एकत्र आले आणि ज्याच्या नजरेने पाहावयाचे, त्याचेच टोकन पाहणाऱ्याच्या हाती येऊ लागले. सुमारे ३ कोटी खात्यांची टोकने चोरीस गेली. पासवर्ड मात्र कोणाचाच गेला नव्हता.

मग दोष कोणाचा? चोराचा तर खराच. परंतु ज्याने आपला पासवर्ड प्राणपणाने जपला, त्याच्या नावावर परक्याचे कृत्य का चढावे? आपण परप्रांती राहणारी नोकर माणसे हा प्रश्न चांगला जाणतो. येथे आपले गाव, घराणे कोणी ओळखत नाही. आपण म्हणजे आपले कागद. अधिकारपत्र देणारा शहाणा अधिकारी त्यावर काम आणि मुदत दोन्ही लिहितो व प्रसंगी ते रद्दही करतो. टोकन देणाऱ्यावरही हेच बंधन हवे.

“हा मी नव्हे” असे खोटे सांगणारा चोरही असू शकतो, हे खरे. म्हणून अशा तक्रारीची कसून चौकशी व्हावी. पण ज्याने स्वतःच्या सोयीसाठी माणसाऐवजी मुद्रा ओळखण्याचे ठरविले, त्याने माणसाचे म्हणणे ऐकून घेण्याचे कष्ट टाळता कामा नयेत. सोय त्याची, तर जोखीमही त्याचीच.