देहाशी सख्य

"मुलगी सुगरण आहे, कामाला चपळ आहे, पण रंगाने मार खाल्ला!" परभणी जिल्ह्यात सोयरिकीच्या बैठकीत हे वाक्य हमखास ऐकू येते. बोलणारी व्यक्ती दुष्ट नसते. बहुधा ती मुलीची आत्या किंवा मावशीच असते आणि तिला मुलीचे भलेच हवे असते. परंतु दाराआड चहाचे ताट घेऊन उभी असलेली मुलगी ते वाक्य ऐकते आणि पुढे कित्येक वर्षे आरशासमोर उभी राहिली की तिला आपला चेहरा दिसत नाही. तिला तो 'मार' दिसतो. मुलांचीही ह्यातून सुटका नाही. कुणी 'काडी' ठरतो, कुणी 'पोतं', कुणी 'बुटक्या'. लहानपणी चिकटलेली ही नावे स्नानसंस्काराच्या नावापेक्षा अधिक काळ टिकतात.

आपली ख्रिस्ती कुटुंबे ह्याला अपवाद आहेत, असे आम्हांला म्हणवत नाही. प्रेषितांच्या श्रद्धांगीकारात आपण देहाच्या पुनरुत्थानावर श्रद्धा प्रकट करतो. केवळ आत्मा अमर आहे, एवढेच म्हणून आपण थांबत नाही. मग ज्या देहाला अनंतकाळाचे आश्वासन आहे, त्या देहाची लाज बाळगून जगणे आपल्या श्रद्धेशी कसे जुळते? आणि त्या देहाला शोभेल, सुखावेल असा पेहराव करावासा वाटणे हे पाप, निव्वळ हौस, की आणखी काही? प्रश्न कपड्यांचा दिसतो. परंतु त्याचे मूळ खोल आहे.

देहाविषयी दोन टोकाच्या भूमिका माणसाने आजवर घेतल्या. पहिली तिरस्काराची. देह म्हणजे आत्म्याचा तुरुंग, असे मानणारे पंथ ख्रिस्तसभेच्या आरंभीच्या शतकांतही होते. शब्दाने देह धारण केला हे जिच्या श्रद्धेचे केंद्र, त्या ख्रिस्तसभेने ही शिकवण नाकारली. तरीही तिची सावली भक्तिजीवनात अधूनमधून उमटत राहिली. असिसीचे संत फ्रान्सिस आपल्या देहाला 'गाढव-बंधू' म्हणत. उपासतापास, थंडी, जागरण ह्यांनी त्यांनी त्या गाढवाला फार राबवले. मात्र १२२६ साली मृत्यू येण्यापूर्वी त्यांनी ह्याच बंधूची क्षमा मागितल्याचे त्यांचे चरित्रकार सांगतात. पक्ष्यांना, सूर्याला, अग्नीला भाऊ-बहीण मानणाऱ्या ह्या संताला सर्वांत जवळचा भाऊ सर्वांत शेवटी ओळखू आला. आम्हांला त्यांच्या चरित्रातील हा प्रसंग फार मोलाचा वाटतो.

तिरस्काराचे दुसरे रूप भक्तीतून येत नाही, गरजेतून येते. गंगाखेड, सोनपेठ, पालम ह्या भागांतून दरवर्षी ऊसतोडीला जोडपी निघतात. तेथे देह म्हणजे कोयता धरणारे यंत्र. एक दिवस पडून राहिले की खाडा, आणि खाडा म्हणजे उचलीवर दंड. शेजारच्या बीड जिल्ह्यात अशा हजारो स्त्रियांची गर्भाशये काढली गेल्याचे २०१९ साली उघडकीस आले, तेव्हा देहाला नुसते अवजार मानण्याची किंमत काय असते हे महाराष्ट्राने पाहिले.

दुसरे टोक पूजेचे. ह्या पूजेचे पुरोहित बाजारात बसलेले आहेत. सत्तरच्या दशकात आलेली गोरेपणाची मलमे खेड्यांतल्या किराणा दुकानांपर्यंत पोहोचली. त्यांपैकी सर्वाधिक खपणाऱ्या मलमाने २०२० साली आपल्या नावातून 'फेअर' हा शब्द काढून टाकला. पण नळीवरचा शब्द गेला म्हणून मनातला जात नाही. खरे पाहता सावळेपण हा दोष नाही, ते संरक्षण आहे. त्वचेतील मेलॅनिन हे द्रव्य उन्हातील घातक किरण शोषून घेते. वैशाखात ज्या जिल्ह्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीस अंशांवर जातो, तेथे पऱ्हाटीच्या आणि सोयाबीनच्या रानात राबणाऱ्या पिढ्यांना निर्मात्याने दिलेली ती सावलीच आहे. तिलाच आपण 'मार' म्हणतो!

तिरस्कार आणि पूजा ही दोन टोके परस्परविरुद्ध दिसतात. पण दोहोंचे म्हणणे एकच असते : आहे हा देह चालणार नाही. एकाला तो मोडायचा असतो, दुसऱ्याला बदलायचा. मिळालेला देह ठेव म्हणून स्वीकारण्याची तयारी दोघांचीही नसते.

ह्या दोहोंपलीकडची वाट आपल्याच जिल्ह्यात जन्मलेल्या एका स्त्रीने दाखवली. संत जनाबाई गोदातीरावरच्या गंगाखेडच्या. लहानपणीच त्या पंढरपुरात संत नामदेवांच्या वडिलांच्या घरी कामाला राहिल्या आणि आयुष्यभर स्वतःला नामदेवांची दासी म्हणवत राहिल्या. दळण, कांडण, झाडलोट, शेण गोळा करणे हे त्यांचे दिवस. त्या काळच्या समाजाच्या लेखी तो देह फक्त कामापुरता. परंतु त्यांच्या अभंगांत काय घडते? विठ्ठल त्यांच्याबरोबर जात्यावर बसतो. तुळशीच्या बनात त्या वेणी उकलू लागतात तेव्हा देव हाती लोणी घेऊन त्यांचे डोके चोळतो. ज्या केसांना कुणी हात लावला नसता, त्या केसांना देवाचा हात लागतो! आणि आपल्या एका प्रसिद्ध अभंगात त्या सांगतात, की डोक्यावरचा पदर खांद्यावर आला तरी त्या भर बाजारातून जातील. त्या बोलण्यात निर्लज्जपणाचा लवलेश नाही. ज्याच्या देहाला देवाने आपले म्हटले, त्याला लोकांच्या डोळ्यांची भीती उरत नाही, एवढेच त्यात आहे.

हे वाचताना ख्रिस्ती वाचकाला शेवटच्या भोजनाची रात्र आठवल्यावाचून राहणार नाही. प्रभू येशू कमरेला पंचा बांधून शिष्यांचे पाय धुतो. गालीलच्या वाटा तुडवून भेगाळलेले कोळ्यांचे ते पाय. पेत्र संकोचून नकार देतो. देवाने आपल्या देहाच्या सर्वांत मळलेल्या भागाला हात लावावा, हे त्याला सहन होत नाही. प्रभू मात्र तेथेच आग्रही राहतो. आपला देह स्वीकारण्याची पहिली पायरी हीच : देवाला तो चालतो, हे मान्य करणे. कित्येकदा क्षमा स्वीकारण्याहूनही हे अवघड असते.

आता वस्त्राकडे येऊ. पवित्र शास्त्रात वस्त्राची कथा पहिल्याच पुस्तकात येते. आदाम आणि हव्वा ह्यांना आपल्या नग्नतेची लाज वाटते आणि ते अंजिराची पाने जोडून स्वतःला झाकतात. हे माणसाने केलेले वस्त्र. परंतु कथा तेथे संपत नाही. एदेनबागेतून त्यांना पाठवण्यापूर्वी देव स्वतः त्यांच्यासाठी चामड्याची वस्त्रे करतो आणि त्यांना घालतो. जगातला पहिला शिंपी देवच! दोन्ही वस्त्रे अंग झाकतात. पण एक भीतीने शिवलेले आहे आणि दुसरे मायेने. पाने लपवण्यासाठी होती. चामड्याची वस्त्रे पुढच्या खडतर प्रवासात ऊब देण्यासाठी. उधळ्या पुत्राच्या दाखल्यातही बाप मुलाला अंघोळ घालीपर्यंत थांबत नाही. सर्वांत उत्तम झगा प्रथम मागवतो. लाजेवरचा देवाचा उपाय वस्त्र हाच दिसतो, मात्र ते सन्मानाचे वस्त्र असते. म्हणून रोज सकाळी कपाट उघडताना विचारण्याजोगा प्रश्न एकच आहे : मी आज अंजिराची पाने नेसतो आहे, की देवाने दिलेले वस्त्र?

पोप बारावे पायस ह्यांनी ८ नोव्हेंबर १९५७ रोजी वेशभूषेच्या व्यवसायातील मंडळींपुढे केलेल्या भाषणात वस्त्राची तीन प्रयोजने सांगितली : आरोग्य, शालीनता आणि शोभा. तिसऱ्या प्रयोजनाकडे आपले सहसा लक्ष जात नाही. शोभा ही शालीनतेची वैरीण नाही. तिघी एकाच घरात नांदू शकतात.

वस्त्राचा आणि सन्मानाचा संबंध महाराष्ट्राला कुणी शिकवायला नको. १९२७ च्या डिसेंबरात महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जमलेल्या स्त्रियांना सांगितले, की जातीची खूण पटवणारी लुगडे नेसण्याची रीत आणि तसले दागिने टाकून द्या, स्वच्छ राहा. तो उपदेश दिखाऊपणाचा नव्हता. दुसऱ्यांनी अंगावर लिहिलेले हीनत्व पुसून टाकण्याचा तो मार्ग होता. मराठवाड्यात सेवेला आलेले कित्येक धर्मगुरू आणि धर्मभगिनी केरळातून येतात. त्यांच्याकडच्या इतिहासातही असाच अध्याय आहे. जुन्या त्रावणकोर संस्थानात नाडार स्त्रियांना छाती झाकण्याचा हक्क नव्हता. त्यांतल्या ख्रिस्ती झालेल्या स्त्रियांनी अंगभर वस्त्र घेतले म्हणून त्यांच्यावर हल्ले झाले. अखेर १८५९ साली राजाला त्यांचा हक्क मान्य करावा लागला, तोही उच्च जातींसारखे वस्त्र घ्यायचे नाही ह्या अटीवर. 'कपड्यांत काय आहे?' असे सहज म्हणणाऱ्यांनी ह्या स्त्रियांना हा प्रश्न विचारून पाहावा.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. हे सारे मान्य केले तर उद्या प्रत्येक उधळपट्टीला 'सन्मान' हे नाव मिळेल. प्रथम ख्रिस्तप्रसादासाठी मुलीला झालरीचा पांढरा पोशाख हवा म्हणून बाप कर्ज काढील. मे महिन्याच्या लग्नात नवरदेव टेरिकॉटच्या सुटात घामाने न्हाऊन निघेल आणि नवरी सॅटिनच्या गाऊनमध्ये गुदमरेल. पण फोटो चांगला येईल! आमचे उत्तर असे, की हे देहाचा मान राखणे नव्हे, देहाला पुन्हा विसरणे आहे. ज्या कपड्यात श्वास कोंडतो, ज्याच्या हप्त्याने झोप उडते, तो आपल्यासाठी घातलेलाच नसतो. तो शेजाऱ्याच्या डोळ्यांसाठी असतो. आपले आजे-पणजे धोतर, सदरा आणि डोक्याला रुमाल वापरीत, ते अज्ञानाने नव्हे. ह्या काळ्या मातीत कापूस पिकतो आणि ह्या उन्हात सुतीच कपडा सोसतो, हे त्यांचा देह त्यांना सांगत होता. देहाचे ऐकणे हीदेखील नम्रताच आहे. जो अंगाला सैल बसतो, हालचाल अडवत नाही, धुतलेला आहे, आवडत्या रंगाचा आहे आणि ऐपतीतला आहे, तो कपडा घालून बरे वाटले तर त्यात ओशाळण्यासारखे काहीही नाही. आणि तो कापूस ज्या बाईने बोंडांच्या काट्यांनी बोटे ओरबाडून घेत वेचला, तिच्याही अंगावर सणाला धड लुगडे असावे, ही काळजी त्या आनंदाचाच भाग आहे.

शालीनतेचा भार मात्र आपण नेहमी कपडे घालणाऱ्यावर, त्यातही मुलींवर टाकतो. संत याकोबाचे पत्र हा भार दुसरीकडे ठेवते. सभेत सोन्याची अंगठी आणि झगझगीत वस्त्रे घातलेला माणूस येतो; त्याला मानाची जागा मिळते. मळक्या कपड्यांतला गरीब येतो. त्याला पायाशी बसायला सांगितले जाते. ह्या प्रसंगात याकोब ना अंगठीवाल्याला दोष देतो, ना गरिबाला; तो जागा दाखवणाऱ्यांना दोष देतो. आपल्या धर्मग्रामांतही रविवारच्या मिस्सानंतर अंगणात जागा दाखवण्याचे काम चालूच असते. ते डोळ्यांनी चालते, 'किती सुटलीस गं!' अशा चौकशीने चालते. बाळंतपणानंतर अंग भरलेली सून, पोलिओने पाय अधू झालेला तरुण, शस्त्रक्रियेने शरीराचा एखादा भाग गमावलेली बाई, वयाने वाकलेले आजोबा ह्यांपैकी कुणी मागच्या बाकावर किंवा घरीच बसणे पसंत करू लागले, तर शालीनता कुणी सोडली, ह्याचा विचार व्हावा.

आपला देह आवडावा म्हणून तो निर्दोष असावा लागत नाही. पुनरुत्थित प्रभू शिष्यांना भेटला तेव्हा त्याच्या हातांवर खिळ्यांच्या खुणा होत्या आणि कुशीत जखम होती. मृत्यूला जिंकणाऱ्याला ते व्रण पुसून येणे अशक्य नव्हते. त्याने ते ठेवले आणि थोमाला दाखवले. वस्त्रे काढून घेतली जाण्याची विटंबना ज्या देहाने सोसली, जिचे आपण क्रूसाच्या वाटेच्या दहाव्या स्थानी मनन करतो, तोच देह व्रणांसह गौरवला गेला. मग कामाने रापलेले हात, पोटावरच्या प्रसूतीच्या रेघा, चेहऱ्यावरचे देवीचे वण ह्यांची लाज आपण कोणापुढे बाळगतो?

ह्या नाताळात नवे कपडे घेताना मुलांना एकदा विचारावे : तुला कशात बरे वाटते? आणि सोयरिकीच्या बैठकीत रंगाची गोष्ट निघाली, तर घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्याने तेथल्या तेथे म्हणावे, "रंग देवाने दिला आहे, त्याची चर्चा ह्या घरात होत नाही." दाराआड उभ्या असलेल्या मुलीच्या कानांवर हे एक वाक्य पडले, तरी तिला पुष्कळ झाले.