गाळ कोणास म्हणावें?

उन्हाळ्यांत विहीर तळास गेली म्हणजे घागरींत येणारें पाणी गढूळ असतें. घरची बाई तें तसेंच कोणास पिऊं देत नाहीं. निवळीचें बीं ती भांड्याच्या आंतल्या अंगास उगाळते, किंवा तुरटीचा खडा पाण्यांत फिरविते, आणि भांडें हलवूं नका असें मुलांस बजावते. कांहीं वेळानें गाळ खालीं बसतो व वर स्वच्छ पाणी राहतें.

ह्या मागें उरणाऱ्या वस्तूस आपल्या भाषेंत किती तरी नांवें आहेत. पाण्याचा तो गाळ, ताकाचा किंवा आमटीचा तो साका, चहाचा तो चोथा, लोणी कढविल्यावर उरते ती बेरी. हे शब्द स्वयंपाकघरांतच राहिले नाहींत. भांडण मिटलें म्हणजे वातावरण निवळलें, संशय शिरला म्हणजे मन गढूळ झालें, तेंच तेंच बोलून विषयाचा चोथा झाला, असें आपण म्हणतों. ह्यांत कोणाचें वांकडें होत नाहीं. परंतु ‘समाजाचा गाळ’ असे शब्द एखाद्या मनुष्याविषयीं तोंडांतून निघाले, म्हणजे मात्र विचार करणें प्राप्त होतें.

एका गांवीं मंडळीच्या पंचांच्या बैठकींत आम्ही हजर होतों. वस्तीच्या टोंकास राहणारीं कांहीं कुटुंबें उपासनेस येऊं लागलीं होतीं. त्यांस मंडळींत घ्यावें कीं नाहीं, हा विषय होता. तेव्हां एक वडीलधारे गृहस्थ म्हणाले, “पाळकसाहेब, हा गांवचा गाळ आहे. आंत घेतलात तर सगळें पाणी नासेल.” ह्याच गृहस्थांच्या आजोबांस त्या गांवच्या पाणवठ्यावर पाऊल ठेवूं देत नसत. हें आम्हांस ठाऊक होतें. तरी आम्ही कांहीं बोललों नाहीं. विषय पुढें ढकलला गेला आणि तीं कुटुंबें उपासनेस यावयाचीं थांबलीं. त्या मौनाचा बोल आम्ही दुसऱ्या कोणास लावूं?

ही भाषा नवी नव्हे. ख्रिस्तपूर्व ६० सालीं रोम येथील प्रसिद्ध वक्ता सिसेरो ह्यानें आपल्या मित्रास पत्र लिहून कॅटोविषयीं तक्रार केली, कीं हा गृहस्थ जणूं प्लेटोच्या आदर्श राज्यांत बोलतो, रोम्युलसाच्या गाळांत नव्हे. गाळ म्हणजे त्याच्या शहरचे लोक. पुढें शंभराहून अधिक वर्षांनीं पौलानें करिंथकरांस पहिलें पत्र लिहिलें. त्यांत त्यानें स्वतःस व इतर प्रेषितांस जे ग्रीक शब्द लाविले, त्यांचा अर्थ धुऊन टाकलेला मळ व खरवडून काढलेली घाण असा आहे. सिसेरोनें तो शब्द खालच्यांवर टाकिला. पौलानें तो स्वतःवर घेतला.

इब्री शास्त्रांत द्राक्षारसाच्या गाळास ‘शेमारीम’ म्हणतात. राखणें, जतन करणें ह्या अर्थाच्या धातूशीं हा शब्द जोडला जातो. कारण गाळावर ठेविलेल्या रसाचा स्वाद व जोम टिकतो. यशयाच्या पंचविसाव्या अध्यायांतील मेजवानींत असाच जुना रस गाळून वाढला आहे. पण रस एका भांड्यांतून दुसऱ्यांत ओतलाच नाहीं, तर तो तसाच दाट होऊन पडतो. मवाब असा आपल्या गाळावर बसला आहे, असें यिर्मया म्हणतो. आणि देव बरेंहि करणार नाहीं व वाईटहि करणार नाहीं असें मनांत म्हणणाऱ्या यरुशलेमकरांविषयीं सफन्या तेंच म्हणतो. हे लोक दीनदुबळे नव्हते. ते सुखांत स्वस्थ बसलेले, घरेंदारें असलेले लोक होते.

कोणी विचारील, मग दारूबाजीस व चोरीस वाईट म्हणूं नये काय? अवश्य म्हणावें, परंतु कृत्यास म्हणावें. गाळ आपल्या बळानें वर येत नाहीं; मनुष्य पश्चात्ताप करून उठतो. शिवाय तळचें सर्वच टाकाऊ असतें असेंहि नाहीं. बेरीसाठीं मुलें आईभोंवतीं जमतात, आणि तळें आटलें म्हणजे शेतकरी त्याचा गाळ गाड्या भरून शेतांत नेतो.

घागर हलली नाहीं तोंवर पाणी निवळ दिसतें. धक्का बसला कीं तळचें वर येतें. त्या बैठकींत असाच धक्का बसला, आणि जें वर आलें तें त्या कुटुंबांचें नव्हतें. तें आमचें होतें.

पुढें आम्ही त्यांच्या दारीं गेलों. त्यांनीं घोंगडी अंथरली व तांब्याभर पाणी दिलें. बैठकींतला तो शब्द त्यांच्या कानीं गेला होता. पण त्यांनीं तो काढला नाहीं. आम्हांसच तो काढून क्षमा मागावी लागली. उपदेशक बंधूंनो, असा शब्द आपल्या मंडळींत कोणी उच्चारील तेव्हां आपण गप्प राहूं नये, एवढीच आमची विनंति आहे.