रुग्णसेवेचे प्रशिक्षण : प्रश्न हलाल-हरामचा की प्रतिष्ठेचा?

बारावीचा निकाल लागला की नवी पेठ आणि आसपासच्या मोहल्ल्यांतील पालक इमामाला हमखास विचारतात : मुलगी सहायक परिचारिकेचे प्रशिक्षण घेऊ म्हणते, शरीअतमध्ये याला परवानगी आहे काय? परक्या रुग्णाला स्पर्श करावा लागतो, मलमूत्र काढावे लागते, रात्रपाळी असते. प्रश्न प्रामाणिक आहे. परंतु त्याच्या आड आणखी एक प्रश्न दडलेला असतो.

फिकहचे उत्तर फारसे अवघड नाही. खंदकच्या युद्धात जखमी झालेल्या हजरत सअद बिन मुआज (रजि.) यांची शुश्रूषा हजरत रुफैदा (रजि.) यांच्या तंबूत झाली, आणि तो तंबू प्रेषितांच्या (स.) मस्जिदीत होता, असे सीरतकार सांगतात. हजरत उम्मे अतिया (रजि.) सात मोहिमांत जखमींची व आजाऱ्यांची काळजी घेत होत्या. या आधारावर फुकहांनी नियम सांगितला : गरजेपोटी मुभा मिळते, पण ती गरजेपुरतीच.

आता रुग्णालयात काय शिकवितात ते पाहा. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाचे अंग पुसण्यापूर्वी पडदा ओढावा. काय करणार आहोत ते त्याला आधी सांगावे. जेवढा अवयव पुसावयाचा तेवढाच चादरीबाहेर काढावा, तो कोरडा करून झाकावा, मगच पुढचा. फिकहच्या ग्रंथात ‘सतर’ या प्रकरणाखाली जे वाचले, ते येथे हाताने शिकविले जाते. स्त्री रुग्णास स्त्री व पुरुष रुग्णास पुरुष उपलब्ध असेल तर तेच उचित, आणि रात्रपाळीच्या जाण्यायेण्याची व्यवस्था पालकांनी संस्थेला स्पष्ट विचारावी. अभ्यासक्रमाची मान्यताही विचारावी : बारावीनंतरच्या दोन वर्षांच्या एएनएमला भारतीय परिचर्या परिषदेची मान्यता व पुढे महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी लागते, काही महिन्यांचा जनरल ड्युटी असिस्टंटचा अभ्यासक्रम निराळा, त्याचे पदही निराळे. फलक पाहून फी भरू नये.

एवढे ऐकूनही पालकांचा चेहरा उजळत नाही, तेव्हा खरा प्रश्न पुढे येतो : लोक काय म्हणतील? सोलापुरात घरोघरी विड्या वळल्या जातात, तंबाखूची धूळ पोरींच्या छातीत जाते. त्याविषयी फतवा विचारावयास सहसा कोणी येत नाही. कारण ते काम दाराआड होते आणि त्यात कुणाची घाण काढावी लागत नाही. मय्यतीला गुस्ल देणाऱ्या बाईला आपण मानाने बोलावितो. जिवंत, कण्हणाऱ्या देहाला स्नान घालणारी मात्र आपल्याला हलकी वाटते. हजरत उम्मे अतिया (रजि.) प्रेषितांच्या (स.) कन्येला गुस्ल देणाऱ्या स्त्रियांतही होत्या. जखमा धुणारे हात तेच होते.

आपल्या शहराने डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे स्मारक केले, आणि ते योग्यच. १९४२ साली चीनमध्ये रुग्णसेवा करताना ते गेले. त्यांच्या पत्नी क्वो छिंगलान परिचारिका होत्या, हे किती सोलापूरकरांना ठाऊक आहे?

आपल्याही घरी अर्धांगवायूने पडलेले वडील असतात. त्यांच्यासाठी आपण रोजावर बाई ठेवितो, आणि तिचा चहाचा पेला वेगळा ठेवणारी घरे आपल्यातही आहेत. रुग्णाची सेवा फर्ज-ए-किफाया आहे; काहींनी केली तर साऱ्यांची सुटका, कुणीच न केली तर सारी वस्ती गुन्हेगार. दुसऱ्याच्या लेकीकडून हे फर्ज करवून घ्यावे आणि वर तिला हीन लेखावे, याला कोणता मसला आधार देतो?

पैसे घेतले तर सवाब कसला, असेही म्हणतात. प्रेषितांनी (स.) स्वतः मक्कावासीयांच्या शेळ्या मजुरीने चारल्या. सूरह कसस मध्ये हजरत मूसा (अलै.) यांना कामावर ठेवण्याची शिफारस करणारी मुलगी दोन गुण सांगते : ताकद आणि विश्वासूपणा. वॉर्डात ताकद म्हणजे कसब : दर दोन तासांनी कूस बदलणे, म्हणजे पाठीला जखमा होत नाहीत, लघवीची पिशवी मूत्राशयाच्या पातळीखाली ठेवणे, हात केव्हा व कसे धुणे. वैद्यक न जाणता उपचार करणाऱ्यावर नुकसानीची जबाबदारी येते, अशी हदीस अबू दाऊदमध्ये आहे. म्हणून न शिकता रुग्णाजवळ बसणाऱ्यापेक्षा शिकून बसणारी विश्वासास अधिक पात्र.

राहिला मुलांचा विषय. मुलासाठी हा प्रश्न कुणी विचारीत नाही, कारण मुलाला या कामाला कुणी पाठवीतच नाही. पुरुष वॉर्डात पुरुष परिचारक हवे असतात आणि जनरल ड्युटी असिस्टंटचे दार मुलांनाही उघडे आहे. आपली मुले तेथे गेली, तर मुलींविषयीची आपली निम्मी शंका तेथेच मिटते.