नीतिमानाच्या सद्वर्तनाची किंमत

ना. वा. टिळकांच्या धर्मांतराची हकिकत सांगताना नागपूरहून राजनांदगावकडे जाणाऱ्या आगगाडीचा उल्लेख हटकून होतो. त्या प्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांच्या हाती ‘नवा करार’ ठेवला. पुढे १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. या घटनेकडे सदसद्विवेकाचा विजय म्हणून पाहिले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु या विजयाची किंमत लक्ष्मीबाईंनाही चुकवावी लागली. निर्णय टिळकांचा, विरह, नातलगांचा आश्रय आणि लोकनिंदा मात्र लक्ष्मीबाईंच्या वाट्याला. ईश्वरी न्यायाच्या विचारात अशा तिऱ्हाइताला स्थान कोणते?

ख्रिस्ती परंपरेत या प्रश्नाला सरळ उत्तर नाही. यहेज्केलाच्या ग्रंथाचा अठरावा अध्याय निःसंदिग्धपणे सांगतो की, पित्याचे पाप पुत्राच्या माथी मारले जाणार नाही, आणि पित्याचे नीतिमत्त्वही पुत्राच्या खाती जमा होणार नाही. ‘वाडवडिलांची पुण्याई’ हा शब्दप्रयोग ज्यांच्या नित्य बोलण्यात आहे, त्या मराठी मनाला यातील दुसरे कलम विशेष खटकावे. उलटपक्षी, निर्गमातील आज्ञा शासन तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत आणि दया हजारोंपर्यंत पोचवते. दोन्ही सूर एकाच धर्मग्रंथात आहेत. मात्र दोहोंतही फळाचा हिशेब आहे. दुसऱ्याच्या सद्वर्तनाचा भार जो उचलतो, त्याचा नाही.

ईयोबाची कथा या दृष्टीने पुन्हा वाचावी. कसोटी त्याच्या नीतिमत्त्वाची. प्राण गेले ते त्याच्या दहा मुलांचे. शेवटी गुरेढोरे दुप्पट मिळतात, मुले मात्र पुन्हा दहाच. मेलेल्यांची भरपाई नव्या जन्मांनी होते असे मानले तरच हा हिशेब जुळतो, आणि ते मानणे मला तरी शक्य नाही. अब्राहामाच्या बाबतीतही तेच. किर्केगार्दने १८४३ साली ‘भय आणि कंप’मध्ये अब्राहामाच्या श्रद्धेचा जो थरारक वेध घेतला, त्याच्या केंद्रस्थानी अब्राहामच आहे. इसहाकाला यज्ञासाठी नेले जात असताना सारा कोठे होती, हे मूळ अध्यायही सांगत नाही.

‘स्मृतिचित्रे’ हे अशा एका सारेचे कथन आहे, असे म्हणता येईल. १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या या आत्मकथनाची विनोदबुद्धी वाखाणली गेली. तिच्या नैतिक भूमिकेचा विचार त्या मानाने कमी झाला. घरातील पैसा याचकाला देऊन मोकळे होणारे टिळक येथे दिसतात, आणि त्यानंतर चूल कशी पेटवायची या विवंचनेतील गृहिणीही दिसते. औदार्य एकाचे, उपास दोघांचे! पण लक्ष्मीबाई फिर्यादी होत नाहीत. नवऱ्याला संतपदी बसवून दुःखाला अर्थ चिकटवण्याचा सोपा मार्गही त्या पत्करत नाहीत. जातिभेद त्यांनी टाकला तो स्वतःच्या विचाराने, आणि १९०० साली बाप्तिस्मा घेतला तोही आपला निर्णय म्हणून. नवऱ्याच्या निवडीचा भार वाहणारी व्यक्ती येथे स्वतः निवड करू लागते. तिच्या पूर्वीच्या यातना त्यामुळे न्याय्य ठरत नाहीत. ईश्वरी योजनेचा भाग म्हणून त्यांचे समर्थन करणाऱ्यांनी हा भेद नजरेआड करू नये.

टिळक १९१९ मध्ये निवर्तले तेव्हा ‘ख्रिस्तायन’ अपुरे होते. यहेज्केलाच्या न्यायाने टिळकांचे पुण्य कोणाकडे संक्रांत होणार नव्हते. मागे राहिले होते ते न संपलेले काम. ज्या बाईने शाळेचे तोंड पाहिले नव्हते आणि जिला अक्षरओळख नवऱ्याकडूनच झाली होती, तिने त्या महाकाव्याचे अध्यायामागून अध्याय रचले. १९३६ मध्ये त्याही गेल्या, आणि शेवटचा हात फिरवण्याचे काम पुत्र देवदत्तांकडे आले.