लाज आणि यादी

दारू सुटलेल्या माणसाला घरीदारी एक सल्ला हमखास मिळतो: झालं गेलं गंगेला मिळालं, आता पुढचं बघ. सल्ल्यात माया असते, पण तो पाळता येत नाही. अतिमद्यपानात मेंदू नव्या घटनांची नोंद करणंच थांबवतो. माणूस चालतो, बोलतो, भांडतो, आणि सकाळी त्यातलं काहीच त्याच्याजवळ नसतं. ते असतं बायकोजवळ. रात्री दोनला दाराशी काय झालं, पोरं कोणत्या खोलीत दडून बसली होती, हे तिला तपशीलवार आठवतं. म्हणजे ज्या भूतकाळाशी त्याला समेट करायचा आहे, त्याचा मोठा भाग दुसऱ्याच्या ताब्यात आहे. म्हणून मला वाटतं, हा समेट एकट्याने मनातल्या मनात उरकता येत नाही. त्याची सुरुवात ऐकून घेण्यापासून होते.

ऐकण्याच्या आड येते ती लाज. आपल्याकडे लाज हेच औषध मानलं जातं. ‘जरा तरी लाज वाटू दे’ हे वाक्य व्यसनी माणसाने हजारदा ऐकलेलं असतं. पण ‘मी हे केलं’ आणि ‘मी आहेच असा’ या दोन अगदी वेगळ्या भावना आहेत. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ डॅनियल रँडल्स आणि जेसिका ट्रेसी यांनी 2013मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास इथे मोलाचा आहे. नुकतीच दारू सोडलेल्यांना त्यांनी, शेवटचं पिऊन वाईट वाटलं तो प्रसंग सांगायला लावला आणि त्याचं चित्रण केलं. सांगताना ज्यांचे खांदे पडले, छाती आत गेली, त्यांच्यात पुढच्या काही महिन्यांत पुन्हा प्यायला लागण्याचं आणि जास्त पिण्याचं प्रमाण अधिक होतं. स्वतःला किती लाज वाटते याबद्दल त्यांनी तोंडाने दिलेल्या उत्तरांवरून मात्र हा अंदाज बांधता आला नाही. एका अभ्यासावर सगळा डोलारा उभा करू नये, हे खरं. तरीही लाजेतून पुन्हा बाटलीकडे जाणारी वाट या क्षेत्रात काम करणाऱ्यांच्या चांगलीच ओळखीची आहे: ‘आपण सुधारणारच नाही’ असं एकदा वाटलं, की न पिण्याला कारणच उरत नाही.

अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची सुरुवात 1935मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात झाली आणि दारू सोडू पाहणाऱ्यांच्या या संघटनेच्या बारा पायऱ्या 1939च्या पुस्तकात छापल्या गेल्या. त्यातलं शहाणपण मला या जागी दिसतं. चौथ्या पायरीवर माणूस स्वतःचा झाडा घेतो, पाचवीवर तो दुसऱ्या माणसासमोर बोलून दाखवतो, आठवीवर दुखावलेल्यांची यादी करतो. यादीत ‘मी नालायक’ असं लिहिता येत नाही. तिथे लिहावं लागतं, की पतपेढीच्या कर्जाला मेहुणा जामीन राहिला आणि हप्ते त्याच्या पगारातून कापले गेले. मुलीच्या सहलीचे पैसे गुत्त्यावर गेले. नालायकपणाची भरपाई करता येत नाही, हप्त्यांची करता येते.

व्यसन हा आजार आहे, मग आजाऱ्याकडे हिशेब का मागायचा, असा आक्षेप येतो. आजार त्याने मागून घेतला नव्हता, हे मला मान्य आहे. पण मेहुण्याचे कापलेले पैसे आजाराच्या नावाने भरून येत नाहीत. आणि तसंही, नशेत ज्याचा स्वतःवर ताबा नव्हता त्याला शुद्धीत आल्यावर जबाबदारी देणं यात मला त्याचा मान दिसतो. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: जुनं उकरलं तर मन ढवळून निघेल आणि पाऊल घसरेल. पहिल्या आठवड्यांत ही भीती रास्त आहे. तेव्हा शरीर सावरणं आणि फक्त आजचा दिवस न पिता काढणं, एवढंच पुरे. पायऱ्यांनीही भरपाई नवव्या क्रमांकावर ठेवली आहे, आणि समोरच्याला किंवा इतर कुणाला इजा होणार असेल तिथे ती करू नये असंही तिथेच म्हटलं आहे. बायकोला ठाऊक नसलेलं जुनं प्रकरण केवळ स्वतःचं मन हलकं व्हावं म्हणून तिच्यासमोर ओतणं हा समेट नव्हे. आपलं ओझं तिच्या डोक्यावर ठेवणं आहे ते.

तिचं काय, हा प्रश्न आपण फार उशिरा विचारला. पुण्यात 1986मध्ये डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्रात रुग्णांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ हा वेगळा गट आहे, तो याच कारणाने मला महत्त्वाचा वाटतो. नवऱ्याने माफी मागितली म्हणजे तिने माफ केलंच पाहिजे, असं होत नाही. त्याची दारू सुटून पाच वर्षं झाली तरी रात्री साडेनऊनंतर तिचे कान जिन्यावरच्या पावलांकडे लागतात. पाऊल सरळ पडतंय की अडखळतंय, हे ती कडी काढण्याआधीच ओळखते. ती सवय त्याच्या सांगण्याने जाणार नाही, आणि ‘अजून विश्वास नाही का?’ असं विचारण्याचा हक्क त्याला नाही. यायला उशीर होणार असेल तर आठ वाजताच तसा फोन करणं त्याच्या हातात आहे.